इंदूरमध्ये घराची खोली दोन-चार दिवसांसाठी भाड्याने देताय? परवानगी, टॅक्स आणि पोलीस थाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर सगळीकडे तीच गोष्ट आहे, मुलं पुण्याला नाहीतर बंगलोरला, घरात म्हातारा-म्हातारी आणि वरचा मजला कुलूप लावून पडलेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक, म्हणजे महाकाल मंदिराचा नवा परिसर, सुरू झालं तेव्हापासून बाहेरची मंडळी इंदूरला उतरून उज्जैन-ओंकारेश्वर करतात, आणि आता २०२८ चा सिंहस्थ डोळ्यासमोर आहे, म्हणून जो तो विचारतो की "आपण पण खोली द्यायची का हो?" द्या ना, पण आधी एका प्रश्नाचं उत्तर स्वतःला द्या: त्या घरात तुम्ही स्वतः राहता का? खालच्या निम्म्या उत्तरांचा निकाल त्यावरच लागतो.

ॲपवर फोटो टाकले, बुकिंग येऊ लागलं. मग अजून परवानगी कशाची?

ॲप ही फक्त जाहिरात आणि वसुलीची सोय आहे. ते तुमची केवायसी घेतं, पॅन घेतं, पण तुमचं घर नगर निगमच्या, म्हणजे महापालिकेच्या, रेकॉर्डवर काय म्हणून लागलंय, वीज मीटर कोणत्या टॅरिफवर आहे, थाण्यात माहिती गेली का, यातलं काही बघत नाही. आणि नंतर नोटीस आली तर ती ॲपला येत नाही, घरमालकाच्या नावाने येते, आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत तो मालक म्हणजे वीस वर्षांपूर्वी गेलेले आजोबा असतात, त्याबद्दल खाली सांगतोच.

होम स्टे म्हणून नोंदणी करावी का? कुठे करायची?

तुम्ही त्याच घरात राहत असाल तर जरूर करा. मध्यप्रदेश टुरिझम बोर्डाच्या होम स्टे, बेड अँड ब्रेकफास्ट, फार्म स्टे आणि ग्राम स्टे अशा वेगवेगळ्या योजना आहेत, शहरातल्या माणसाने पहिल्या दोन बघायच्या, महू किंवा मांडूच्या रस्त्याला शेत असेल तर तिसरी. केंद्र सरकारची पण एक बेड अँड ब्रेकफास्ट योजना आहे, त्यात एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त बारा बेड, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहिलं पाहिजे ही मुख्य अट. सिल्वर आणि गोल्ड असे दोन दर्जे मिळतात. शिवाय निधी नावाचं केंद्राचं पोर्टल आहे, तिथे मुक्कामाच्या जागा फुकटात नोंदवता येतात.

पण नोंदणीचं सर्टिफिकेट भिंतीला लावलं म्हणजे सगळं सुटलं असं नाही. ती पर्यटन खात्याची ओळख आहे, निगमचा कर, थाण्याची सूचना, जीएसटी हे सगळं आपापल्या जागी राहतंच. सर्टिफिकेटचा खरा उपयोग म्हणजे कोणी विचारायला आलं तर "हे घरच आहे, लॉज नाही" हे दाखवायला हातात एक सरकारी कागद असतो. बँकेत पण कामी येतं, २०२५ च्या बजेटमध्ये होम स्टेला मुद्रा लोन देण्याची घोषणा झाली होती, नवं बाथरूम काढायचं असेल तर विचारून बघा.

आम्ही तिथे राहत नाही. विजय नगरला गुंतवणूक म्हणून घेतलेला फ्लॅट आहे, तो पूर्णच द्यायचाय.

मग तुम्ही होम स्टे नाही. चावी लॉकबॉक्समध्ये, मालक पुण्यात, पाहुणा रात्री बाराला येतो, हे बाकीच्यांच्या नजरेत सर्व्हिस अपार्टमेंट किंवा गेस्ट हाऊसच झालं. इथे जमिनीचा वापर हा मुद्दा येतो, म्हणजे प्लॉट किंवा बिल्डिंग निवासी म्हणून मंजूर असेल आणि तुम्ही तिथे धंदा करताय असं ठरलं तर निगम भूमी विकास नियम २०१२ आणि शहराच्या विकास योजनेचा आधार घेऊन नोटीस देऊ शकतं. एखाद-दुसऱ्या फ्लॅटवर लगेच कोणी धावून येत नाही, खरंय, पण तक्रार झाली की येतात, आणि तक्रार शेजारीच करतो. म्हणून अशा फ्लॅटचं काम सुरू करायच्या आधी बिल्डिंग परवानगीचा कागद काढून त्यात वापर काय लिहिलाय ते वाचा, आणि ट्रेड लायसन्ससाठी निगमच्या झोन ऑफिसवर जाऊन लेखी विचारा. तोंडी उत्तर घेऊन येऊ नका, साहेब बदलला की उत्तर बदलतं.

गुमाश्ता काढलाय. तेच ट्रेड लायसन्स ना?

नाही हो. गुमाश्ता म्हणजे दुकान व स्थापना कायद्याची नोंदणी, १९५८ चा मध्यप्रदेशचा कायदा, तो श्रम विभागाचा. ट्रेड लायसन्स, ज्याला इथे कागदावर व्यापार अनुज्ञप्ती म्हणतात, ते नगर निगमचं. एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही. बँकेत करंट अकाउंट उघडायला गुमाश्ता मागतात म्हणून लोकं तोच काढून निश्चिंत होतात.

रहवासी संघ नाही म्हणतोय. त्यांना अधिकार आहे का?

आधी संघाचे नियम आणि तुमची रजिस्ट्री, म्हणजे खरेदीखत, वाचा. मल्टी, म्हणजे फ्लॅटची इमारत, असेल तर मध्यप्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम २००० आणि त्याखालचे उपनियम लागतात, आणि फ्लॅट फक्त राहण्यासाठी वापरायचा असं त्यात लिहिलेलं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे. काही लिहिलेलं नसेल तर सेक्रेटरीला नुसतं "आमच्याकडे चालत नाही" म्हणून लिफ्ट बंद करता येत नाही. पण खरं सांगू का, यात कायद्यापेक्षा वॉचमन आणि पार्किंग जास्त महत्त्वाचं. बाहेरच्या नंबराची इनोव्हा कोणाच्या तरी जागेत लागली की भांडण सुरू. पाहुण्याची गाडी कुठे लागेल ते बुकिंगच्या वेळीच सांगा, वॉचमनला नाव आणि गाडी नंबर आधी पाठवा, अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

मी स्वतः भाडेकरू आहे, घरमालक ओळखीचा आहे. एक खोली पुढे देऊ का?

लेखी परवानगीशिवाय अजिबात नाही. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१ मध्ये मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायला मनाई आहे, आणि तसं केलं तर घर खाली करवायला मालकाच्या हाती आयतं कारण येतं. ओळख आज आहे, उद्या त्याच्या मुलाला घर विकायचं असेल.

घर आजोबांच्या नावावर आहे, आम्ही तीन भाऊ वापरतो. चालेल का?

हा आपल्या मराठी घरांतला सगळ्यात जुना आजार. रजिस्ट्री आजोबांची, संपत्तिकराची पावती आजीच्या नावाने, वीज बिल मोठ्या काकांच्या नावाने, आणि खोली देणार धाकटी सून. ॲप एवढं खोलात जात नाही पण टुरिझम बोर्डाची नोंदणी, ट्रेड लायसन्स, कुठेही अर्ज करा, पहिला कागद मालकीचाच मागतात. म्हणून आधी वारसांचं नामांतरण करून घ्या, आणि ते होईपर्यंत बाकीच्या हिस्सेदारांची संमती साध्या भाषेत लिहून, सह्या घेऊन, नोटरी करून ठेवा. त्यात पैसे कोणाच्या खात्यात येतील आणि टॅक्स कोण भरेल हे पण लिहा. भाऊ-भाऊ आहेत, लिहायची काय गरज असं वाटतं, पण पहिल्या वर्षीचे पैसे आले की सगळ्यांना आपापला हिस्सा आठवतो.

निगमचा संपत्तिकर वाढेल का?

हो, आणि इथेच "तुम्ही स्वतः राहता का" हा प्रश्न पैशात दिसतो. मध्यप्रदेशात मालक स्वतः राहत असलेल्या निवासी घराला संपत्तिकरात निम्मी सूट मिळते. कर स्वनिर्धारण पद्धतीने भरायचा असतो, म्हणजे कुठला भाग कशासाठी वापरताय हे तुम्हीच फॉर्मवर लिहून देता. वरचा मजला भाड्याने लावला की त्या भागावर ही सूट मागता येत नाही, आणि वापर व्यावसायिक धरला तर दर पण वेगळा. खालचा मजला, जिथे तुम्ही राहता, त्याची सूट जात नाही, म्हणून पूर्ण घराचा वापर बदलून टाकू नका, भाग वेगवेगळे दाखवा. काही जण "कोण बघतंय" म्हणून जुनंच चालू ठेवतात, पण ॲपवर तुमच्याच घराचे फोटो नकाशासकट लागलेत, बघायला झोनवरून उठायची पण गरज नाही. आणि इंदूरच्या लोकांना सवय आहे की थकवायचं आणि नेशनल लोक अदालत आली की अधिभारात सूट घ्यायची, पण ती सूट अधिभारातच असते, मूळ कर तर द्यावाच लागतो.

वीज बिल घरगुतीच चालेल ना?

पश्चिम क्षेत्र वीज कंपनीच्या टॅरिफमध्ये घरगुती म्हणजे एलव्ही-१ आणि गैरघरगुती म्हणजे एलव्ही-२. घरगुती कनेक्शनवर धंदा चालतोय असं तपासणीत ठरलं तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लावतात, त्यात लागू टॅरिफच्या दुप्पट दराने वसुली असते, आणि कधीपासून चालू होतं हे कळत नसेल तर मागचे बारा महिने धरतात. तीन एसी लावून वर्षभर खोल्या दिल्या असतील तर हिशोब तुम्हीच करा. वरच्या मजल्याला वेगळं मीटर घ्या, त्यावर कोणती श्रेणी लागेल ते कंपनीकडून लेखी घ्या, खालचं मीटर तरी स्वच्छ राहील.

थाण्यात काय कळवायचं? रोज जायचं का?

इंदूरला डिसेंबर २०२१ पासून पोलीस कमिश्नर पद्धत आहे, आणि भाडेकरू, नोकर, हॉस्टेल, लॉज यांची माहिती थाण्यात देण्याचे आदेश कमिश्नर ऑफिसमधून निघत असतात. पूर्वी हे कलम १४४ खाली असायचे, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली. असा आदेश साधारण दोन महिने चालतो आणि मग पुन्हा निघतो, त्यामुळे व्हॉट्सॲपवर फिरणारी गेल्या वर्षीची पीडीएफ बघून काही ठरवू नका, आपल्या थाण्यातून चालू आदेशाची कॉपी घ्या. मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३.

महिन्याच्या भाडेकरूची माहिती मध्यप्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवरून घरबसल्या देता येते. दोन दिवसाच्या पाहुण्यासाठी काय पद्धत हवी, रोजची यादी की आठवड्याची, हे एकदा थाण्यात अर्ज देऊन विचारा आणि त्या अर्जावर पावतीचा शिक्का घ्या. तो शिक्का फार कामाचा असतो.

रजिस्टर कसं ठेवायचं?

साधं लांब रजिस्टर आणा, पानांना नंबर घाला, मधलं पान फाडू नका. रकाने असे: आल्याची तारीख-वेळ, नाव, वय, पूर्ण पत्ता, मोबाईल, कुठून आले, कुठे जाणार, सोबत किती जण, ओळखपत्र कोणतं, गाडी नंबर, सही, गेल्याची तारीख-वेळ. सही पाहुण्याचीच घ्या, आपण घाईत भरून टाकतो आणि सहीचा रकाना कोरा राहतो, आणि नेमका तोच बघतात. सोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र बघा, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही.

आधारच पाहिजे असा हट्ट धरू नका, लायसन्स, पासपोर्ट, वोटर कार्ड चालतं. पॅनवर पत्ता नसतो म्हणून ते एकटं उपयोगाचं नाही. आणि आधारचे फोटो काकूंच्या फोनच्या गॅलरीत नातवाच्या वाढदिवसाच्या फोटोंबरोबर पडून राहतात ते बंद करा. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, लोकांची कागदं सांभाळणं ही आता जबाबदारी आहे. मास्क्ड आधार, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, घ्या, एका फोल्डरमध्ये ठेवा, काम झालं की उडवा.

लग्न न झालेलं जोडपं आलं तर?

दोघं सज्ञान, दोघांची ओळखपत्रं बरोबर, तर कायदा अडवत नाही. मद्रास हायकोर्टाने २०१९ मध्ये हेच सांगितलं होतं की अविवाहित जोडप्याने हॉटेलच्या खोलीत राहू नये असा कुठला कायदाच नाही. तुम्हाला घरात नको असेल तर लिस्टिंगमध्ये आधीच लिहा, रात्री साडेदहाला दारातून परत पाठवू नका, पैसे घेऊन सेवा नाकारली तर ग्राहक आयोगात तुम्हीच उभे राहाल. पण वय अठराच्या खाली वाटलं आणि ओळखपत्र नाही, तर मात्र नाहीच.

परदेशी पाहुणा आला तर?

यात ढिलाई नको. परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, सगळे त्याला जुन्या नावाने सी फॉर्मच म्हणतात. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा २०२५ लागू आहे, पण चोवीस तासांची जबाबदारी तशीच आहे. अडचण ही की फॉर्म भरायला आधी तुमची जागा एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या ऑफिसच्या, पोर्टलवर नोंदवलेली पाहिजे आणि ती पोलिसांकडून मंजूर होऊन यावी लागते. पाहुणा दारात आल्यावर नोंदणी करायला बसलात तर चोवीस तास तिथेच गेले. परदेशी बुकिंग उघडायच्या आधी हे काम संपवा, नाहीतर ते बंद ठेवा.

अमेरिकेतून आलेले, मराठी बोलणारे, पोह्यांवर जिरावण मागणारे पण पासपोर्ट तिकडचा असलेले पाहुणे असतील, त्यांचं पण भरायचं. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी पासपोर्ट परदेशीच आहे.

जीएसटी भरावा लागतो का?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे, म्हणून सावकाश वाचा. सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर तुम्हाला रजिस्ट्रेशन लागत नाही. पण बुकिंग ॲपवरून आलं तर पाहुण्याकडून टॅक्स घेऊन तो ॲपच भरतं, कारण मुक्कामाची सेवा जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मध्ये आहे. समजा खोली १८०० रुपये रात्र, तर ५ टक्के म्हणजे ९० रुपये पाहुण्याच्या बिलात लागतील, तुमच्या खिशातून नाही. हा ५ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून आहे, रोजच्या ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला, आधी १२ होता. ७५०० च्या वर १८ टक्के. हजाराच्या आतली खोली माफ ही गोष्ट जुलै २०२२ मध्येच संपली, तरी लोकं अजून सांगत फिरतात.

तोच पाहुणा पुढच्या वेळी थेट फोन करून आला आणि तुम्ही २० लाखांच्या आत आहात, तर त्या बुकिंगवर जीएसटी नाही.

आता खरी मेख. उलाढाल पॅनवर मोजतात, खोलीवर नाही. सीतलामाता बाजारात काकांचं साड्यांचं दुकान आहे, आधीच जीएसटी नंबर आहे, आणि खोली पण त्यांच्याच पॅनवर, तर खोलीचं भाडं त्याच रजिस्ट्रेशनखाली येणार, दोन लाखाचं असलं तरी. आणि दुकानाची उलाढाल ३० लाख आहे, फक्त माल विकतो म्हणून ४० लाखांच्या मर्यादेत बसून नंबर घेतला नव्हता, तर खोली सुरू केल्यावर "फक्त माल" राहत नाही आणि मर्यादा २० लाखांवर येते. म्हणून घर ज्याच्या नावावर आहे आणि दुकान ज्याच्या नावावर आहे ते दोघं वेगळे असतील तर बुकिंग कोणाच्या पॅनवर घ्यायचं हे आधीच सीएकडे बसून ठरवा.

भंवरकुआंला कोचिंगची मुलं ठेवतो, महिन्याच्या भाड्याने. त्याला पण जीएसटी?

माणशी महिन्याला २०,००० पर्यंत आणि सलग किमान ९० दिवस राहिला तर माफ आहे, जुलै २०२४ पासून. परीक्षेपुरते चार दिवस येणारे त्यात बसत नाहीत.

इन्कम टॅक्समध्ये हे कुठे दाखवायचं?

२०२४ च्या दुसऱ्या बजेटपासून मालकाने निवासी घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते उत्पन्न धंद्यात नाही, घर मालमत्तेच्या शीर्षातच दाखवायचं. समजा वर्षभरात ४,२०,००० आले आणि त्या भागाचा ८,००० संपत्तिकर भरला, तर उरले ४,१२,०००, त्याची ३० टक्के सरसकट वजावट १,२३,६००, करपात्र २,८८,४००. छान वाटतं, पण या ३० टक्क्यांतच सगळं आलं, ॲपचं कमिशन, मावशींचा पगार, चादरी, वायफाय, वेगळं काही धरता येत नाही. नाश्ता, रोजची सफाई, गाडी असं सगळं देत असाल तर ते नुसतं भाडं नाही असा युक्तिवाद होऊ शकतो, पण तो सीएच्या सल्ल्याशिवाय रिटर्नमध्ये घालू नका.

ॲप ०.१ टक्के टीडीएस कापतं, पूर्वी १ होता, ऑक्टोबर २०२४ ला कमी झाला. वैयक्तिक मालक असेल, पॅन दिलेला असेल आणि त्या ॲपवरून वर्षाला ५ लाखांच्या आत असेल तर कापत नाहीत. पॅन दिलाच नाही तर सरळ ५ टक्के. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, सीए नवे नंबर सांगेल तर घाबरू नका. आणि १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणून रिटर्नच भरत नाही असं करू नका, ॲपने दिलेली रक्कम विभागाला दिसत असते.

नाश्ता देऊ का? आणि दारू?

पोहे-जिलबी पैसे घेऊन देणार असाल तर एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) बेसिक रजिस्ट्रेशन करून घ्या, ऑनलाइन होतं. दारू तुम्ही विकायची किंवा पुरवायची नाही, त्याला आबकारीचं, म्हणजे दारूच्या सरकारी खात्याचं, लायसन्स लागतं. पुढे जाणाऱ्या पाहुण्यांना हे पण सांगा की १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर धरून १९ धार्मिक ठिकाणी दारूबंदी आहे.

कॅमेरा लावला तर चालेल?

दारावर, जिन्यात, पार्किंगमध्ये चालेल, लिस्टिंगमध्ये लिहून. खोलीत कुठेही नाही, बंद असलेला पण नाही. एअरबीएनबीने तर एप्रिल २०२४ पासून घराच्या आतले कॅमेरे पूर्णच बंद केलेत, आणि चोरून चित्रण झालं तर न्याय संहितेचं कलम ७७ आहे.

कचऱ्याचं काय? पाहुणे सगळं एकाच पिशवीत टाकतात.

भिया, हे इंदूर आहे, इथे गाडीवाला पिशवी उघडून बघतो. आपण सहा प्रकारचं वेगळं करतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा, पण सुरतहून आलेल्या माणसाला ते कसं कळणार. खोलीत निदान तीन डबे ठेवा, ओला-सुका-सॅनिटरी, झाकणावर मोठ्या अक्षरात हिंदीत आणि इंग्रजीत चिठ्ठी, आणि सकाळी गाडी यायच्या आधी मावशींना एक नजर टाकायला सांगा. सराफ्यातून रात्री एकला पार्सल आणून अर्धा गराडू आणि रबडीचा डबा, वर डायपर, सगळं एका कॅरीबॅगमध्ये बांधून गेटबाहेर ठेवलं, की दंडाची पावती घराच्या नंबरावर फाटते, पाहुणा तोवर महाकालच्या लाइनीत असतो. घराच्या नियमांत लिहून ठेवलं असेल तर तेवढं डिपॉझिटमधून कापता येतं.